एकाच अंगठ्याचे एकतीस ठसे

आमच्या घरात कोथिंबिरीची जुडी सोडून बघितल्याशिवाय कोणी विकत घेत नाही. वडील पनवेलला जकात नाक्यावर होते. ट्रकच्या ताडपत्रीखाली खरं काय आहे ते ओळखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर ती नजर त्यांनी घरी आणली. दूधवाला, इस्त्रीवाला, माझ्या मैत्रिणी, पुढे माझा नवरा, सगळ्यांची ताडपत्री त्यांनी उचलून पाहिली. त्यांचा एकच नियम होता. आधी विचारायचं नाही; विचारलं की माल हलतो. बघायचं, गप्प बसायचं, आणि पुरावा हातात आला की मगच तोंड उघडायचं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. बाकी काही नाही तरी हा स्वभाव मात्र सासऱ्यांनी भरभरून दिला, असं माझा नवरा करंजाड्यातल्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. तो हे चेष्टेने म्हणतो. मला त्या स्वभावाचा अभिमान होता.

विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, तिथे मी अठरा वर्षं रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. मग चौथ्या मजल्यावर संशोधन विभाग सुरू झाला आणि तीनदा तपासल्याशिवाय कशावरही सही न करणारी बाई म्हणून मला वर पाठवलं. माझी ब्याद गेली म्हणून लॅबमध्ये पेढे वाटले असं कानावर आलं. मी चौकशी केली, पेढे कोणाच्या तरी मुलाच्या निकालाचे निघाले.

वरचं काम माझ्यासाठीच बेतल्यासारखं होतं. संशोधनासाठी ज्यांचं रक्त घेतलं त्यांचं संमतीपत्र आहे ना, त्यावर सही किंवा अंगठा आहे ना, साक्षीदार आहे ना, हे मी बघायचं. मग प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. डॉक्टर, इंजिनिअर, कोणालाही नाव दिसायचं नाही, फक्त नंबर दिसायचा. कुठला नंबर म्हणजे कोण, हे एका वहीत असायचं. ती वही माझ्या खणात आणि खणाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

प्रकल्प होता सुई न टोचता अंगातलं रक्त सांगणाऱ्या यंत्राचा. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं ते बोटाला लावायचं, आत लाल दिवा लागायचा, आणि जरा वेळाने हिमोग्लोबिनचा आकडा यायचा. खेड्यापाड्यातल्या बायका सुईला घाबरतात, लॅब लांब पडते, म्हणून हे यंत्र. बनवलं होतं खारघरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मंडळींनी. ते खरं बोलतं की नाही हे पडताळायला आमचे डॉक्टर त्याच बाईचं रक्त सुईनेही घ्यायचे, लॅब ते तपासायची, आणि दोन्ही आकडे संख्याशास्त्राच्या मॅडमकडे जायचे. बायका तपासणीला का येतात आणि का येत नाहीत, हे शोधायला समाजशास्त्राचे एक प्राध्यापकही होते. दर सोमवारी हे सगळे एका टेबलाभोवती बसत. प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोले, दुसरे माना डोलावत, आणि चहा सगळ्यांना कळे. एकत्र येऊन संशोधन करायचं याचं सरांना, म्हणजे आमच्या प्रमुख डॉक्टरांना, फार कौतुक होतं.

माझा त्या टेबलावरच्या प्रत्येकावर थोडा थोडा संशय होता. इंजिनिअर पोरं आपल्या यंत्राची बाजू घेणार, डॉक्टर घाईत सुया मारणार, प्राध्यापक कुठल्यातरी परिषदेसाठी फोटो काढून नेणार. संशय नव्हता तो फक्त यंत्रावर. त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

आणि सगळ्यात जास्त संशय होता आमच्या ताईवर. ताई म्हणजे वाड्या-वस्त्यांवर जाऊन बायका गोळा करणारी, त्यांना फॉर्म वाचून दाखवणारी, अंगठे घेणारी आमची कार्यकर्ती. शिरढोणच्या बाजूच्या एका आगरी गावातली, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, हातात कायम एक छत्री आणि खांद्याला आम्ही दिलेली निळी पिशवी. आसपासच्या वाड्यांवर कोणाला दिवस गेलेत आणि कोणाचं मूल अंगावर पितंय, हे तिला तोंडपाठ. दुसऱ्या कार्यकर्त्यांना एका वस्तीला तीन-तीन फेऱ्या लागत, ही एका सकाळीत काम उरकून येई. सर तिला शाबासकी देत. मी मनात म्हणे, इतक्या पटकन कामं फक्त दोन प्रकारची माणसं करतात, आणि त्यातली एक जात चांगली नसते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ती डोंगराच्या पायथ्याच्या एका कातकरी वाडीचे फॉर्म घेऊन आली. चौतीस बायका. दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्टीवर जातात, कोणी पेणकडे, कोणी थेट घाटावर, आणि पावसाळ्यात तेवढी घरी सापडतात, म्हणून ती वाडी मुद्दाम तेव्हाच घेतली होती. एक डॉक्टर आणि ताई सकाळी गेले, दुपारी परत. मी गठ्ठा पुढे ओढला आणि चष्म्यावर भिंग धरलं.

पहिल्या अंगठ्यावर एक बारीक तिरकी रेघ होती, जुन्या कापल्याच्या खुणेची. ठसा कसा, तर सुरेख. एकेक वळण मोजून घ्यावं असा. दुसऱ्या फॉर्मवरही तीच तिरकी रेघ. तिसऱ्यावरही. माझे कान तापले. खोटं नाही सांगत, मला आनंद झाला. वडिलांना ताडपत्रीखाली काही सापडलं की ते घरी येऊन दोन पोळ्या जास्त खात, त्या आनंदाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

एका इंजिनिअर पोराला बोलावून मी सगळे ठसे संगणकावर घालायला लावले. तीन बायकांनी वेड्यावाकड्या का होईना, सह्या केल्या होत्या. उरलेले एकतीस ठसे एकाच अंगठ्याचे निघाले. पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात, इथे एकतीस बायकांचे अंगठे सारखे होते.

पुढचं मी भराभर जोडलं. अंगठे खोटे, तर बायका खऱ्या कशावरून? बायका खोट्या, तर नळ्यांमधलं रक्त कोणाचं? डॉक्टर तरुण, रांगेत येईल त्या हाताला सुई लावणारा; त्याला काय कळणार, दोन-चार जणीच परत परत रांगेत उभ्या राहिल्या तर! आणि त्याच आठवड्यात संख्याशास्त्राच्या मॅडम तक्रार घेऊन आल्या. बाकी सगळीकडे यंत्राचा आकडा आणि लॅबचा आकडा जवळपास येत होते, या एका वाडीचे काही केल्या जुळत नव्हते. यंत्र म्हणत होतं बायका ठणठणीत, लॅब म्हणत होती रक्त कमी. मॅडमच्या मते लॅबकडे गेलेल्या नळ्यांमध्येच काहीतरी घोटाळा होता. पाणी कुठे मुरतंय हे मला तेव्हाच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं.

सोमवारी मी सगळं लेखी मांडलं. इंजिनिअर म्हणाले, यंत्रात दोष असता तर सगळीकडे दिसला असता. लॅबचे लोक म्हणाले, आमच्याकडे जे रक्त आलं ते आम्ही तपासलं. प्राध्यापक हळूच म्हणाले की एकदा वाडीवर जाऊन बघावं का. सगळ्यांनी मान हलवली आणि सण तोंडावर असल्यामुळे कोणी गेलं नाही. असं ठरलं की प्रकरण नैतिकता समितीपुढे जावं, समितीची बैठक गणपतीनंतर, तोवर त्या वाडीचं काहीही उघडायचं नाही. संमतीच खरी नसेल तर नावाला नंबर जोडून बघायचा आम्हाला अधिकार नाही, असा नियम आहे आणि तो चांगला आहे. लॅबकडून आलेला त्या वाडीच्या रिपोर्टांचा लिफाफा मी सील करून वहीशेजारी खणात ठेवला आणि किल्ली फिरवली.

सरांनी विचारलं, ताईला काय सांगायचं. मी म्हटलं, काहीच नाही. काही दिवस नवीन वस्ती देऊ नका, कारण सांगू नका. माल हलतो.

दोन दिवसांनी ती स्वतःच चौथ्या मजल्यावर आली. छत्री दाराबाहेर उभी करून ठेवली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वाडीत एक पोरगी सातव्या महिन्यात होती, पहिलटकरीण. तिचा रिपोर्ट आला का, एवढंच तिला हवं होतं. "यंत्र म्हनतंय ती बरी हाय. मला नाय वाटत, मॅडम. डोळं पांढरं झाल्यात तिचं. तिचा तेवढा कागद बघा."

मी म्हटलं, रिपोर्ट यायला वेळ लागेल. एवढी काळजी वाटते तर सरकारी दवाखान्यात ने. ती म्हणाली, नेऊन झालं असतं, पण पोरगी येत नाही. तिचा नवराही सोडत नाही. मोठ्या दवाखान्याच्या यंत्राने सगळ्यांसमोर सांगितलंय की रक्त भरपूर आहे, मग ताईचं कोण ऐकणार? त्याच मोठ्या दवाखान्याचा कागद दाखवला तरच त्यांना पटेल.

हे सगळं ऐकताना माझं लक्ष तिच्या बोलण्यावर नव्हतं, चेहऱ्यावर होतं. चौतीसातला एकच रिपोर्ट का? तीच एक खरी असेल आणि बाकीच्या खोट्या, म्हणून? की कोणी नात्यातली? कातकरी आणि आगरी, नातं कसलं असणार, पण डोकं एकदा त्या वाटेने चालू लागलं की थांबत नाही. खाई त्याला खवखवे, असं मी मनात म्हटलं आणि तिला वाटेला लावलं.

पाच-सहा दिवसांनी ती परत आली. तेच विचारलं, मीही तेच उत्तर दिलं. या वेळी निघताना तिने पिशवीतून अळूची पानं काढून टेबलावर ठेवली, परसातली, देठ सुतळीने बांधलेली. गौरीला लागतील म्हणाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी अळू दिलं नव्हतं आणि आत्ताच का देत होतं? ती जिना उतरली तशी मी ती जुडी खालच्या वॉचमनला देऊन टाकली. त्याच्या बायकोने वड्या केल्या, चांगल्या झाल्या होत्या असं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा गणपतीची सुट्टी लागायला एक दिवस होता. या वेळी बसली. मग म्हणाली की तिला नवीन वस्ती मिळत नाही, काही चुकलं असेल तर सांगा. मी कागद चाळत राहिले आणि म्हटलं, वरून आदेश आहे. हे खोटं होतं, वरचा आदेश मीच लिहून दिला होता. ती उठली आणि दारातून पुन्हा एकदा म्हणाली, "त्या पोरीचा तेवढा बघा."

सुट्टीत मला चैन पडेना, पण ते पोरीसाठी नव्हतं. समितीपुढे मला पक्का पुरावा ठेवायचा होता, तो अंगठा कोणाचा आहे ते दाखवायचं होतं. माझी खात्री होती की तो ताईचाच निघणार, पण ताईच्या नोकरीच्या कागदांवर तिची सही होती, अंगठा नव्हता. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि दोन दिवसांनी, कोणालाही न सांगता, मी शिरढोणपर्यंत रिक्षाने गेले आणि पुढे चालत निघाले. पिशवीत फॉर्मच्या झेरॉक्स, कोरे कागद आणि शाईचं पॅड. ताईने पहिल्यांदा तो रिपोर्ट मागितला त्याला त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते.

वाडी म्हणजे पंचवीस-तीस घरं. चिखलातून चपला हातात घेऊन मी पोचले तेव्हा पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी चार पोरांना सांभाळत बसली होती. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून वाकडा. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिने पोरांना बाजूला सारून मला जागा दिली. मी पॅड काढलं आणि सांगितलं, इथे अंगठा लाव. तिने काही न विचारता लावला. मोठ्या सवयीने, डावीकडून उजवीकडे जरासा फिरवून. कागदावर सुरेख ठसा उठला आणि त्यात ती तिरकी रेघ होती.

मी झेरॉक्सचा गठ्ठा तिच्यासमोर धरला. हे सगळे तू लावलेस? ती हसली. शाई चार दिवस निघाली नव्हती म्हणाली. ताईने लावायला सांगितलं ना? तिला प्रश्नच कळला नाही. ताई तिकडे डॉक्टरजवळ होती, रडणाऱ्या बायांचे हात धरायला. अंगठ्यांचं इकडे घरात झालं.

तोवर सात-आठ बाया जमल्या होत्या. मी आवाज चढवून विचारलं, स्वतःचे अंगठे का नाही लावले? लाज वाटल्यासारख्या त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक थोराड बाई पुढे झाली आणि तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडले.

"आमचा आंगठा येत नाय, बाय," ती म्हणाली. "रेशनचं मशीन घेत नाय. म्हातारीचा घेतंय."

मग एकेकीने सांगितलं. भट्टीवर लहानपणापासून विटा थापायच्या, भाजलेल्या उचलायच्या, रचायच्या. बोटांवरच्या रेषा त्यातच जातात. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की मशीन नाही म्हणतं. पुसून ठेवा, तेल लावून ठेवा, तरी नाहीच म्हणतं. दुकानदार म्हणतो, तुझा अंगठा येत नाही, जा. मग रिकामं परत यायचं. म्हातारी पायामुळे कधी भट्टीवर गेलीच नाही, वाडीतच पोरं सांभाळत राहिली, म्हणून तिच्या रेषा शाबूत. मशीन तिला पहिल्या खेपेला ओळखतं. आम्ही मोठ्या दवाखान्यातून आलो, अंगठा लावला तरच रक्त तपासू आणि कागद देऊ असं म्हणालो, तेव्हा त्यांना वाटलं की आपला अंगठा आला नाही तर इथूनही जा म्हणतील. म्हणून ज्या अंगठ्याचं चालतं तो लावला.

शाईच्या अंगठ्याला रेषा नसल्या तरी चालतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मशीनने इतक्या वेळा परत पाठवल्यावर त्यांनी तरी दुसरं काय समजायचं!

पण तुम्ही तयार होतात का, मी विचारलं, की म्हातारीनेच सगळ्यांचं ठरवलं? तेव्हा त्या थोराड बाईने म्हातारीचं मनगट धरलं आणि ते माझ्या कागदावर दाबून दाखवलं. असं केलं म्हणाली. जिचा कागद तिने म्हातारीचा हात धरायचा, आपण दाबायचा. म्हणजे आपलाच झाला. लग्नात नाही का मामा हात धरतो, असं मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

बाकीच्यांनाही बोलावून मी सगळ्यांचे अंगठे घेतले. एकेक करून, कोऱ्या कागदावर. नुसते काळे डाग. त्या डागांमध्ये कुठे एक वळण नव्हतं. अठरा वर्षं मी लोकांची बोटं धरून रक्त घेतलं होतं, पण अशी बोटं हातात आली नव्हती. टोकाला कातडी इतकी जाड आणि गुळगुळीत की माझं नख रुतेना. आणि अशा बोटाला आम्ही तो लाल दिव्याचा चिमटा लावला होता. ज्या बोटांवर तो बेतला होता ती खारघरच्या कॉलेजातल्या पोरापोरींची होती, पुस्तकाशिवाय काही न उचललेली. चौथ्या मजल्यावर इंजिनिअरांनी यंत्र तपासलं, लॅबने रक्त तपासलं, मॅडमनी आकडे तपासले, मी अंगठे तपासले. बोट हातात घेऊन कोणी बघितलं नव्हतं.

मग मला पोरीची आठवण झाली. कुठे आहे ती, मी विचारलं. पाण्याला गेली होती. ती आली तेव्हा डोक्यावर हंडा होता आणि ओट्यापर्यंत पोचायच्या आधीच तो उतरवून ती खाली टेकली. वीस वर्षांची असेल नसेल. मी तिची खालची पापणी ओढली. आत तांबडं काहीच नव्हतं. हे बघायला यंत्र लागत नाही, लॅब लागत नाही, हातच्या काकणाला आरसा कशाला. ताईने एकोणीस दिवसांपूर्वी मला हेच सांगितलं होतं.

माझ्याबरोबर चल म्हटलं, तर यंत्राने बरी सांगितलंय म्हणून ती येईना. परत कशी आले ते नीट आठवत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मी खण उघडला. समितीची बैठक व्हायची होती, नियमाप्रमाणे मला तो लिफाफा फोडायचा अधिकार नव्हता. मी फोडला. वहीत तिचा नंबर काढला, रिपोर्टात शोधला. आकडा पाचाच्या खाली होता आणि लॅबच्या कोणीतरी त्याला लाल पेनाने गोल केला होता. तातडीचं, असं बाजूला लिहिलं होतं. ते अक्षर माझ्या जुन्या शेजारच्या टेबलावरच्या बाईचं होतं. मला तिचा राग आला, तिने येऊन तोंडी का नाही सांगितलं म्हणून, आणि मग कळलं की तिच्याकडे नुसता नंबर होता. नाव माझ्याकडे होतं.

मी डॉक्टरांच्या आधी ताईला फोन केला. पोरीला इथे आणू शकेल अशी ती एकटीच होती. तिने मला काहीच विचारलं नाही. दीड तासात ती पोरीला, तिच्या नवऱ्याला आणि म्हातारीला घेऊन रिक्षातून उतरली.

रक्त चढवायचं तर त्यालाही संमती लागते. वॉर्डमधल्या सिस्टरने पॅड पुढे केलं तेव्हा पोरीने हात मागे घेतला आणि म्हातारीकडे बघितलं. मी म्हटलं, तुझाच लाव, तुझा चालतो. तिचा विश्वास बसला नाही, ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. मी तिचा अंगठा धरून दाबला. सिस्टर म्हणाली, ठसा उठला नाही, परत घ्या. मी म्हटलं, हा असाच असतो, आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. नोकरीत मी एकदाच बघून केलेली ती पहिली सही.

पोरगी वाचली. चौथ्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या आणि मूल मेलेलं जन्माला आलं. मुलगा होता. नवरा त्याला फडक्यात गुंडाळून वाडीवर घेऊन गेला. मी खिडकीतून बघितलं, खाली जायची माझी हिंमत झाली नाही.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावून बसवलं. चांगले आहेत ते. म्हणाले, इतकं कमी रक्त असताना बाळाची वाढ आधीच खुंटलेली असते, एकोणीस दिवस आधी आणली असती तरी काय झालं असतं हे कोणी सांगू शकत नाही, मनाला लावून घेऊ नका. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते हे मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत की खरं आहे म्हणून, हे मी शोधत होते. जन्मात एकदा मला कोणाचं तरी बोलणं जसंच्या तसं खरं मानायचं होतं आणि ते मला जमलं नाही. अजून जमलेलं नाही.

सोमवारची बैठक जोरात झाली. जाड कातडीच्या बोटांवर यंत्र चुकीचं वाचतं असं दिसतंय, हा मोठा शोध होता. इंजिनिअर नवीन चिमटा करणार होते, मॅडम नवीन गणित मांडणार होत्या, प्राध्यापकांनी रेशनच्या मशीनचं सगळं उतरवून घेतलं. शोधनिबंधावर माझंही नाव घालू म्हणाले. वाडीच्या बायकांकडून नव्याने संमती घेतली गेली, डागांनी. समितीने एक प्रश्न विचारून ती मान्य केली. ताईला परत बोलवायचं पत्र मीच लिहिलं, त्यात दिलगिरीही लिहिली, आणि खोटं वाटू नये म्हणून तीन वेळा खोडून लिहिली.

ती आली, पण कामावर नाही. निळी पिशवी, ओळखपत्र, उरलेले कोरे फॉर्म, सगळं नीट घडी करून परत द्यायला आली. मी तिच्यावर कसला संशय घेतला होता हे तिला एव्हाना कळलं होतं, ते सांगायची गरज नव्हती. ती रागावलेली दिसत नव्हती. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं, पण तोंडातून निघाला तो प्रश्न. सरांना विचारून झाला होता, वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंना विचारून झाला होता, आणि कोणाच्याच उत्तरावर माझा विश्वास बसला नव्हता. हिने मला तिन्ही वेळा खरं सांगितलं होतं. मी विचारलं, "तू पहिल्यांदा आलीस तेव्हाच मी तो कागद दिला असता, तर मूल वाचलं असतं का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या पॅडकडे, खणाकडे.

"आता इचारता, मॅडम," ती म्हणाली, आणि दाराबाहेरची छत्री घेऊन जिना उतरली.